बेडूक कुठे गेला? : निसर्गगोष्टींतून मुलांना मराठी शब्द आणि व्याकरण शिकवताना

इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणारी सहा-सात वर्षांची मुले घरी मराठी बोलत असतात, आणि तरीही ‘बेडूकला भूक लागली’, ‘झाडच्या खाली बसला’ अशी वाक्ये त्यांच्या तोंडून सहज निघतात. मोठी माणसे कधी ती हसून सोडून देतात, कधी जागच्या जागी दुरुस्त करतात. उपयोग दोन्हींचा बेताचाच होतो. मुलाला ‘बेडूक’ हा शब्द येत असतो आणि ‘ला’ हा प्रत्ययही येत असतो. प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे जे रूप बदलते, ज्याला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात, ते मात्र त्याने पुरेशा वेळा ऐकलेले नसते. ते ऐकवण्याचा सर्वांत सोपा मार्ग गोष्ट हा आहे, आणि त्यातही निसर्गातली गोष्ट, कारण झाड, ओढा, वीज, मुंगी, पाखरू, तळे हे शब्द तिन्ही लिंगांचे, वेगवेगळ्या शेवटांचे आणि रोजच्या वापरातले आहेत. मराठी नामे जितक्या प्रकारांनी बदलतात, त्यांतले बहुतेक प्रकार एका अंगणात भेटतात.

पुढे सांगितलेली पद्धत साधारण पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. घरी आई-वडील किंवा आजी-आजोबा ती वापरू शकतात, तसेच वर्गात शिक्षकही. साहित्य म्हणून एक वही, काही कोऱ्या शब्दपट्ट्या आणि बाहेर पडण्याची तयारी एवढे पुरते.

पहिली पायरी : एका गोष्टीसाठी एकच रूप निवडा

गोष्ट सुचण्याच्या आधी, तिच्यातून व्याकरणाचे कोणते रूप मुलाच्या कानावर पडावे हे ठरवावे, आणि ते एकच असावे. सुरुवातीच्या काळात मी एकाच गोष्टीत अनेकवचन, विशेषणे, भूतकाळ आणि विभक्ती असे सगळे भरले होते. गोष्ट संपल्यावर मुलांनी एकच प्रश्न विचारला, ‘पण मग खारीचं पुढे काय झालं?’ माझ्या व्याकरणाच्या गर्दीत खारीचे काय झाले हे सांगायचेच राहून गेले होते. तेव्हापासून मी निवडलेले रूप वहीच्या कोपऱ्यात लिहितो आणि गोष्टीत ते दहा-बारा वेळा तरी आले आहे का हे मोजून पाहतो.

रूप निवडण्यासाठी व्याकरणाच्या पुस्तकातील क्रम उपयोगाचा नाही. आठवडाभर मुलाचे बोलणे ऐकावे, त्याच्या चुका त्याला न सांगता टिपून ठेवाव्यात, आणि जी चूक सर्वांत जास्त वेळा आढळेल तिच्यापासून सुरुवात करावी.

दुसरी पायरी : घटना खरी असावी, आणि मुलाने ती आधी पाहिलेली असावी

निसर्गगोष्ट म्हणजे बोलणारा ससा आणि शहाणा कोल्हा एवढाच अर्थ घेतला, तर निसर्ग केवळ पडद्यावरच्या चित्रासारखा मागे उभा राहतो. त्याऐवजी खरोखर घडणारी एक घटना घ्यावी आणि तिच्यातच गोष्टीचे कोडे शोधावे. उन्हाळ्यात तळे आटले की बेडूक दिसेनासे होतात आणि पहिल्या मोठ्या पावसाबरोबर एकाएकी सगळीकडे डराव डराव सुरू होते, ही गोष्ट गावातल्या मुलाने पाहिलेली असते आणि शहरातल्या मुलाने निदान ऐकलेली असते. मधल्या काळात ते गेले कुठे, हा प्रश्न आयता गोष्टीचा आहे. त्याचे उत्तरही खरे आहे : पुष्कळ बेडूक कोरड्या महिन्यांत जमिनीत स्वतःला गाडून घेतात.

गोष्टीपूर्वी एकदा तरी बाहेर जाऊन यावे. दगड उचलून पाहणे, झाडाच्या सालीवरून हात फिरवणे, मुंग्यांच्या रांगेचे दुसरे टोक शोधणे यासाठी अर्धा तास पुरतो. या वेळी शिकवू नये. मूल ज्याकडे बोट दाखवेल त्याचे नाव तेवढे सांगावे.

तिसरी पायरी : शब्द निवडताना क्रियापदे पुढे ठेवा

आपण मुलांना शब्द शिकवायला बसलो की नामांच्या याद्या काढतो : गाईचे वासरू, म्हशीचे रेडकू, शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू, घोड्याचे शिंगरू. हे शब्द यायला हवेत यात वाद नाही, परंतु पाठ केलेली यादी परीक्षेपुरतीच टिकते. मुलांच्या मराठीतली खरी उणीव क्रियापदांची असते. बेडकाने ‘जंप केली’, पान ‘फॉल झालं’, पाणी ‘लीक होतंय’ असे बोलताना सगळा भार ‘करणे’ आणि ‘होणे’ या दोनच क्रियापदांवर पडतो. एका गोष्टीसाठी सात-आठ नवे शब्द घ्यावेत, आणि त्यांतले निम्मे तरी क्रियापदे असावीत.

क्रियापदे दाखवता येतात, हा त्यांचा मोठा गुण आहे. उन्हाळ्यात घरातला मातीचा माठ पाहावा. तो पाझरतो. बाहेरच्या अंगावर थेंब जमतात आणि ओघळतात. बुडाशी आल्यावर ते ठिबकतात. खाली ताटली असेल तर पाणी साचते आणि माती असेल तर ते मुरते. दुपारपर्यंत ताटलीतले पाणी आटते. पाझरणे, ओघळणे, ठिबकणे, साचणे, मुरणे, आटणे अशी सहा क्रियापदे एका माठापाशी उभे राहून शिकता येतात, आणि मुलाने थेंबाच्या मागे बोट फिरवत ‘आता ओघळला, आता ठिबकला’ असे म्हटले की त्यांच्यातला फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. एखाद्या घरी माठ नसेल, तर ओला टॉवेल दोरीवर टाकला तरी निथळणे, ठिबकणे आणि सुकणे ही तीन क्रियापदे हाती लागतात.

याच पद्धतीने आंब्याचे झाड वर्षभर पुरते. ते मोहरते, मोहोर गळतो, कैरी धरते, आंबा पाडाला येतो (झाडावरच पिकू लागतो), मग तो अढीत, म्हणजे पिकवण्यासाठी गवतात, घातला जातो. ‘पाड’ आणि ‘अढी’ हे शब्द आजी-आजोबांकडून ऐकावेत, कारण त्या शब्दांच्या मागचा वास आणि गवताची ऊब त्यांनाच सांगता येते.

चौथी पायरी : गोष्ट बांधा, आणि पालुपद रूपाभोवती ठेवा

लहान मुलांना पुन्हा पुन्हा येणारे वाक्य आवडते आणि आपल्यालाही नेमके तेच हवे असते. म्हणून निवडलेले रूप पालुपदात बसवावे. सामान्यरूप आणि त्याला लागणारे प्रत्यय व शब्दयोगी अव्यये यांसाठी मी वापरतो ती गोष्ट अशी आहे :

‘वैशाखातली दुपार होती. तळे आटले होते आणि मनूला तिचा बेडूक दिसेना. मनूने तळ्यात पाहिले. तळ्यात भेगा होत्या, बेडूक नव्हता. मनूने दगडाखाली पाहिले. दगडाखाली वाळवी होती, बेडूक नव्हता. मनूने झाडावर पाहिले. झाडावर सरडा होता, बेडूक नव्हता. मनूने बिळात पाहिले. बिळात उंदीर होता, बेडूक नव्हता. आजोबांचा हात धरून मनूने विहिरीत पाहिले. विहिरीत पारव्याचे घरटे होते, बेडूक नव्हता. मनू रुसून बसली. मग एके दिवशी ढग आले. विजेने आभाळ उजळले, वाऱ्याने पाने उडाली, पावसाने माती भिजली. आणि मातीतून आवाज आला, डराव! मातीतून बेडूक वर आला, पिवळाधमक. मनू म्हणाली, अरे, तू होतास कुठे? बेडूक म्हणाला, मी मातीत होतो. तू माझ्या डोक्यावरूनच रोज चालत होतीस.’

यात ‘तळे’चे ‘तळ्यात’, ‘दगड’चे ‘दगडाखाली’, ‘बीळ’चे ‘बिळात’, ‘विहीर’चे ‘विहिरीत’, ‘वीज’चे ‘विजेने’ आणि ‘पाऊस’चे ‘पावसाने’ असे होते, पण ‘सामान्यरूप’ हा शब्द कुठेही उच्चारलेला नाही. शोध हाच गोष्टीचा कणा असल्यामुळे रूप बाजूला काढले तर गोष्टच उरत नाही; आपण रचलेली कोणतीही गोष्ट याच कसोटीवर तपासून घ्यावी. बेडूक पिवळाधमक का, असे मुले विचारतात. शेतात दिसणाऱ्या मोठ्या बेडकांतले नर पावसाच्या सुरुवातीला, विणीच्या काळात, खरोखरच पिवळे होतात, हे त्यांना सांगावे आणि जमल्यास दाखवावे.

पाचवी पायरी : गोष्ट तीन वेळा, तीन रीतींनी सांगा

पहिल्या दिवशी गोष्ट केवळ सांगावी, वाचून दाखवू नये, कारण पुस्तकातून नजर वर काढून मुलाच्या तोंडाकडे पाहत सांगितलेली गोष्ट त्याला अधिक कळते. दुसऱ्या दिवशी सांगताना पालुपदापाशी थांबावे : ‘मनूने दगडा...’ आणि उरलेले मुलाने पुरे करावे. येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ‘दगड’ एवढेच म्हणून थांबलो तर मूल ‘दगडखाली’ म्हणण्याचा संभव असतो. ‘दगडा’ असे बदललेले रूप आपण उच्चारून मग थांबले, की त्याची जीभ योग्य वाटेला लागते. आठवडाभराने हा आधार काढून घ्यावा. तिसऱ्या दिवशी गोष्ट मुलाने सांगायची आणि बेडूक शोधण्याच्या जागा त्याने बदलायच्या. कुंडीत, चिंचेवर, पाटात, केळीच्या पानाखाली अशा नव्या जागा येऊ लागल्या, म्हणजे रूप त्याच्या अंगवळणी पडू लागले असे समजावे.

बोलताना ‘झाडं’, ‘पानं’, ‘तळं’ आणि लिहिताना ‘झाडे’, ‘पाने’, ‘तळे’ अशी दोन रूपे मुलाला भेटतात. गोष्ट सांगताना घरातले बोलणेच ठेवावे. लिखित रूप वाचनाच्या वेळी येऊ द्यावे. सांगण्यातही पुस्तकी रूपे आणली की गोष्ट बातमीसारखी वाटू लागते.

सहावी पायरी : नियम मुलांनाच शोधू द्या

गोष्ट तोंडात बसल्यानंतर, साधारण आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी, शब्दपट्ट्या काढाव्यात. एका बाजूला मूळ शब्द आणि दुसऱ्या बाजूला गोष्टीतले रूप लिहावे, आणि ‘एकसारखे वागणारे शब्द एकत्र ठेवा’ एवढेच सांगावे. दगड-दगडा, झाड-झाडा, बीळ-बिळा ही एक रास होते. तळे-तळ्या, ओढा-ओढ्या, वारा-वाऱ्या ही दुसरी. नदी, माती, मुंगी यांना ‘त’ किंवा ‘ला’ लावले तरी शब्द बदलत नाही, म्हणून त्यांची तिसरी. बेडूक-बेडका, पाऊस-पावसा, कापूस-कापसा, लाकूड-लाकडा यांच्यापाशी मुले हमखास अडतात, आणि मग कोणाच्या तरी लक्षात येते की शब्दाच्या पोटातला ‘ऊ’ पळाला आहे. ही रास मुलांना सर्वांत आवडते.

स्त्रीलिंगी अकारान्त शब्दांपाशी मोठ्यांचीही गाडी अडते, कारण ‘वीज’चे ‘विजेने’ होते आणि ‘विहीर’चे ‘विहिरीने’. येथे एक खूण उपयोगी पडते : अनेकवचन आठवावे. विजा, चिंचा, लाटा, वाटा असे ‘आ’कारान्त अनेकवचन होणाऱ्या शब्दांचे एकवचनी रूप ‘ए’कारान्त होते : विजेने, चिंचेवर, लाटेवर, वाटेत. विहिरी, घारी, खारी, वेली असे ‘ई’कारान्त अनेकवचन होणाऱ्यांचे ‘ई’कारान्त होते : विहिरीत, घारीला, खारीची, वेलीवर. मुलांना ही खूण सांगण्यापूर्वी पट्ट्यांच्या मदतीने ती शोधण्याची संधी अवश्य द्यावी.

शुद्धलेखनाचा एक मोठा नियमही याच पट्ट्यांवर दिसतो. ‘फूल’मधला ‘ऊ’ दीर्घ आणि ‘फुलावर’मधला ऱ्हस्व, ‘बीळ’ दीर्घ आणि ‘बिळात’ ऱ्हस्व, ‘मूळ’ आणि ‘मुळाशी’ तसेच. पट्टीच्या दोन बाजू उलटसुलट करून पाहणाऱ्या मुलाला हा बदल डोळ्यांनी कळतो. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, शब्द या नियमाला अपवाद आहेत, पण त्यांची ओळख इतक्या लवकर करून देण्याचे कारण नाही.

सातवी पायरी : लिंगासाठी पाखरांची मदत घ्या

मराठीत प्रत्येक नामाला लिंग आहे आणि ते बहुधा तर्काने कळत नाही. ‘तो डोंगर, ती टेकडी, ते शिखर’ हे ऐकूनच शिकावे लागते. निसर्गात मात्र काही गमती अशा आहेत की त्यांच्यामुळे व्याकरणातले लिंग आणि प्राण्याचे लिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मुलाच्या मनात पक्के होते. आपण ‘कोकिळा गाते’ असे म्हणतो, परंतु वसंतात कुहूकुहू करणारा काळाभोर पक्षी नर असतो. मादी करड्या-तपकिरी रंगाची आणि ठिपकेदार असते. ‘सुगरण घरटे विणते’ असे म्हणतो, पण बाभळीवर किंवा विहिरीवर लोंबणारी ती सुबक घरटी नर विणतो, आणि मादी ती पाहून पसंत-नापसंत ठरवते. उलट ‘डास चावला’ असे पुल्लिंगी क्रियापद आपण वापरतो, मात्र रक्त पिते ती मादीच. माझ्या एका विद्यार्थिनीने हे ऐकून विचारले होते, ‘मग डास चावली म्हणायचं का?’ असा प्रश्न निघाला की त्या दिवशीचा पाठ झाला.

या पायरीच्या गोष्टीत विशेषणे बदलती ठेवावीत : हिरवागार पोपट, हिरवीगार वेल, हिरवेगार गवत. ‘लाल’ आणि ‘गोल’ मात्र कोणासाठीही बदलत नाहीत, हेही मुलांना शोधू द्यावे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेले शेकरू येथे चांगले पात्र ठरते, कारण त्याच्याच कुळातली ‘ती खार’ अंगणात असते आणि ‘ते शेकरू’ भीमाशंकरच्या रानात. दोघे भेटली की विशेषणे आपोआप दोन लिंगांत फिरतात.

आठवी पायरी : ‘ने’ची गोष्ट मुंगीकडून सांगून घ्या

भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्त्याप्रमाणे न बदलता कर्माप्रमाणे बदलते, हा भाग परदेशात किंवा महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलांना सर्वांत अवघड जातो. ती ‘मुंगी पान उचलली’ असे म्हणतात. यासाठी ओझे वाहणारी मुंगी घ्यावी, कारण तिला दर वाक्यात नवे ओझे देता येते. मुंगीने दाणा उचलला. मुंगीने पाकळी उचलली. मुंगीने पान उचलले. मुंगीने पाकळ्या उचलल्या. मग मुंगी थकते आणि मुंगळा येतो : मुंगळ्याने पाकळी उचलली. कर्ता बदलला तरी ‘उचलली’ तसेच राहिले, हे लक्षात यावे म्हणून पाकळी पुन्हा आणायची. शेवटी मूलच ओझे उचलते : ‘मी पान उचलले.’ ‘मी’ आणि ‘तू’ यांना ‘ने’ लागत नाही, तरी क्रियापद कर्माचेच ऐकते.

या गोष्टीत एक पथ्य पाळावे. चिमणीला पाणी पाजू नये आणि तिला जेवायलाही बसवू नये. ‘चिमणी पाणी प्यायली’, ‘चिमणी जेवली’ येथे ‘ने’ येत नाही. पिणे, जेवणे, बोलणे, शिकणे, विसरणे ही क्रियापदे या रचनेत अपवादासारखी वागतात आणि नुकती बसू लागलेली घडी विस्कटून टाकतात. त्यांच्यासाठी पुढे वेगळी गोष्ट करता येते.

चुका कशा दुरुस्त कराव्यात

मूल गोष्ट सांगत असताना मध्ये थांबवून दुरुस्त करू नये. ‘बेडूकला भूक लागली’ असे ते म्हणाले, तर पुढच्या वाक्यात आपण ‘हो का, बेडकाला भूक लागली? मग काय खाल्लं त्यानं?’ असे विचारावे. योग्य रूप कानावर पडते आणि गोष्टही तुटत नाही. हे दोन-तीन आठवडे सातत्याने करावे लागते, आणि मधल्या काळात ‘बेडूकला’ व ‘बेडकाला’ ही दोन्ही रूपे मुलाच्या बोलण्यात शेजारी शेजारी नांदतात. त्यामुळे निराश होण्याचे कारण नाही.

निसर्ग दुसऱ्या देशातला असेल तर

अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी घरांत मोहोर आणि मृगाचा पाऊस यांच्या गोष्टी सांगितल्या तर मुलांना त्या चित्रातल्याच राहतात. खिडकीबाहेर जे आहे तेच घ्यावे. खार तिथेही आहे, गोगलगाय आहे, पानगळ तर आपल्यापेक्षा कितीतरी ठळक आहे. ‘बेडूक कुठे गेला?’ची गोष्ट तेथे ‘खारीने दाणे कुठे लपवले?’ अशी होते : पानांखाली, बर्फात, मुळांपाशी, ढोलीत. बर्फासाठी ‘भुरभुरणे’, ‘साचणे’, ‘गोठणे’, ‘वितळणे’ ही क्रियापदे मराठीत तयार आहेत. ज्या झाडाला मराठी नाव नाही, त्याचे तेथील नावच देवनागरीत लिहावे आणि त्यालाही प्रत्यय लावू द्यावेत. ‘मेपलच्या झाडाखाली’ असे म्हणता येते, पण एखादे मूल धीटपणे ‘मेपलाखाली’ म्हणाले, तर सामान्यरूप त्याच्या कानात पुरते उतरले आहे असे समजून त्याला पुढच्या गोष्टीकडे न्यावे.